मोटेवरची बेवफा

कांद्याचं रोप लावणीला आलं की सडकेवरच्या हॉटेलवाल्याला काय होतं कोण जाणे, तो आपला भोंग्याचा बाजा आतून उचलून बाहेर बाकड्यावर आणून मांडतो. म्हणतो, थंडीच्या दिवसांत गिऱ्हाईक उन्हातच बसते. बसू दे ना! पण सडकेच्या अलीकडे आमचा मळा आहे, आणि मळ्याला कुंपण असलं तरी गाण्याला ते कुठं अडवतं? दव वाळायच्या आत तो चावी देतो, सुई टेकवतो, आधी थोडी खरखर होते आणि मग एक बाप्या रडायला लागतो.

रोज रडतो. गळा कसा ठणठणीत आहे, खाऊन-पिऊन सुखी माणसाचा वाटतो, पण रडतो. ती गेली, ती बोलली नाही, तिनं वळून पाहिलं नाही, तिचं काळीज दगडाचं. गाण्याचा काळा तवा उलटवला की दुसऱ्या बाजूनं दुसरा बाप्या, आणि त्याचंही तेच. यांना दुसरं काम नाही का, असं मला दरवर्षी वाटतं. घरी गाईचं दूध काढायचं नाही, पाणी भरायचं नाही, नुसतं दिव्यापाशी बसून तिच्या नावानं खडे फोडायचे.

माझी धाकटी जाऊ रुक्मा मात्र वाफ्यात बसल्या जागी विरघळते. हातात रोपाची जुडी, बोट चिखलात रुतलेलं, आणि मान सडकेकडे.

“बाई, किती जीव जाळून राह्यला वं तो,” ती म्हणते.

“जाळू दे. तू रोप लाव. मुळं सुकून राह्यली.”

“तुमाले काहीच नाई वाटत?”

“वाटते ना. राग येते.”

ती हसते. तिला वाटतं मी स्वभावानंच कोरडी आहे. नव्या पोरींना मोठ्या जावा कोरड्याच वाटतात. मी पुढच्या ओळीत बोटानं भोकं पाडत जाते.

माझं म्हणणं साधं आहे. या सगळ्या गाण्यांत जी ती असते, ती बोलत का नाही? एवढे तवे निघाले, एवढे बाप्ये रडले, पण तिला कोणी विचारलं का, की बाई, तू या माणसाला ओळखतेस तरी का? याला काही कबूल केलं होतंस का? की तू आपली तुझ्या कामानं चालली होतीस आणि हा मधेच उठून गायला लागला? ऐकणारे त्याच्याकडून ऐकतात, त्याच्यासाठीच चुकचुकतात आणि चहा संपवून घरी जातात. तिचं पुढं काय झालं, हे कोणाच्या मनातही येत नाही. मला विचारा म्हणावं. मी अशा एका गाण्यातली ती होते.

माझं माहेर वाशीमचं. गावाबाहेर नाल्याच्या काठानं आम्हा माळ्यांचे मळे एकाला एक लागून होते. थंडीत त्या काठाला सकाळी उभं राहिलं की आधी वास यायचे. ओल्या मातीचा, मेथीचा, सांबाराचा. सांबार म्हणजे कोथिंबीर, पण तिला कोथिंबीर म्हटलं की मला परक्याच्या घरची वाटते. वासामागून आवाज. एका विहिरीवर चाक कुरकुरायला लागलं की दुसऱ्या विहिरीवरचं कुरकुरे, आणि मग साऱ्या मळ्यांत मोटा चालू. बैल धावेच्या उतारावरून खाली जायचे, मोटेचा दोर, नाडा, ताणायचा, भरलेली मोट वर यायची आणि तिच्या सोंडेतून पाणी भसकन थारोळ्याच्या हौदात पडायचं. मग बैल उलट्या पावलांनी वर. पाणी पाटानं पळत यायचं आणि मी फावड्यानं एक वाफा बंद करून दुसरा उघडायची. थंडीनं पायाची बोटं बधिर व्हायची, पण विहिरीचं पाणी कोमट असे, म्हणून मी मुद्दाम पाटातच उभी राहायची. माय ओरडायची, पाय फुटतीन. फुटायचे.

मोटेवर गाणं लागतंच. हे ज्यानं मोट हाकली नाही त्याला कळायचं नाही. बैल माणसाच्या हातातल्या चाबकावर चालत नाहीत, तोंडातल्या ओळीवर चालतात. ओळ सुरू झाली की उतरायचं, ओळ संपली की मोट रिती झाली असं समजून मागं यायचं. ओळ मधेच तुटली तर बैलही मधेच उभे, आणि भरलेली मोट विहिरीच्या तोंडाशी लटकलेली. आमचे बाबा तर ठसका आला तरी गाण्यातच खोकायचे.

बांधापलीकडं तुळशीरामची मोट होती. तुळशीराम म्हणजे शेजारच्या मळ्यातला पोरगा, माझ्याहून थोडा मोठा, मिसरूड फुटलेला. त्याच्याशी मी बोलले असेन ते “तुमची गाय आमच्या वांग्यात आली” एवढंच. तो आपला इतरांसारखाच गायचा, रामाचं, सीतेचं, बैलांच्या कौतुकाचं. त्या वर्षी कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या फाटकासमोरच्या चहावाल्यानं बाजा आणला. असा बाजा आमच्याकडं कोणी पाहिला नव्हता. माणसं गाड्या सोडून भोंग्यात डोकावून बघत, आत कोणी बसलंय का म्हणून. तुळशीराम भाजी घेऊन बाजारात गेला तो सांजेला एक गाणं घेऊन आला, आणि दुसऱ्या दिवसापासून ते मोटेवर चढलं.

लांबच लांब ओळ, आणि ओळीच्या शेवटी एक मोठी ‘हाय’. मग “ओ बेवफा”. तुळशीराम म्हणायचा “बेवपा”. बाकीचे शब्द कोणते होते ते त्यालाही माहीत असतील असं वाटत नाही, बरेचसे तो नुसतेच गुंगवून न्यायचा. पण त्या ‘हाय’ला त्याचा गळा असा काही उतरायचा, की कामाच्या बायांचे हात थांबायचे.

खरं सांगते, मलाही ते गाणं आवडलं होतं. कोणाला आवडणार नाही? गार सकाळ, वर शेकणारं ऊन, आणि बांधापलीकडून तो आवाज. मी त्या ठेक्यावर रोप लावायची. ‘हाय’ला बोट मातीत, ‘बेवपा’ला रोप भोकात. ओळ कशी भराभर सरायची. त्यात आपला काही संबंध आहे असं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

ते आधी कामाच्या बायांच्या डोक्यात आलं. झालं असं, की त्याच्या धावेचा उतार आमच्या मळ्याकडं होता. नाड्यावर बसून तो खाली यायचा तेव्हा त्याचं तोंड सरळ माझ्याकडं. आणि ‘हाय’ नेमकी तेव्हाच. एक बाई म्हणाली, “यमुने, तुह्याच नावानं रडून राह्यला तो.” बाकीच्या हसल्या. मीही हसले आणि तिच्या अंगावर ढेकूळ फेकलं. तेवढंच. पण थट्टा कशी असते, रोज थोडी खतपाणी घातली की मूळ धरते. तुळशीराम त्या दिवसांत हिवतापानं वाळला होता. अर्ध्या वाशीमला हिवताप होता! पण बाकीच्यांचा तो ताप, आणि याचा मात्र जीव जळतो म्हणून. “पोरगं पाह्य कसं झुरनीले लागलं,” म्हणत बाया त्याच्याकडं कळवळून बघायच्या आणि मग माझ्याकडं बघायच्या. ते दुसरं बघणं मला अजून आठवतं.

त्याच दिवसांत जवळच्या अनसिंग गावची माणसं मला पाहून गेली.

मुलगा बापासोबत आला होता. त्याचं नाव गणपत. त्यांचाही मळाच, त्यामुळं घरात बसून झाल्यावर सगळे वाफे बघायला बाहेर निघाले. मी पाण्याचा गडवा घेऊन मागं. तो बांधावर उकिडवा बसला, माझ्या हातच्या लावणीकडं बघत म्हणाला, “रोप लय दाट लावलं.” मुलीनं अशा वेळी खाली मान घालायची असते. माझ्या तोंडून निघून गेलं, “आमच्या जमिनीले झेपते.” मायनं माझ्याकडं असं पाहिलं की मला वाटलं झालं, मोडलं इथंच. पण तो हसला. नुसता दात दाखवून नाही, चांगला मान हलवून हसला. गडवा घेतला, पाणी प्यायला आणि परत देताना म्हणाला, “झेपत असंन तं ठीक हाये.”

बस्स. आमच्यातलं बोलणं एवढंच. त्यावर मी किती दिवस काढले ते मलाच माहीत. वाफ्यात बसले की “झेपत असंन तं ठीक हाये” आठवायचं आणि गाल तापायचे. पसंती आली, साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस धरला. मी उखाणा जुळवायला घेतला. मैत्रिणी सांगायच्या तेच ते उखाणे मला म्हणायचे नव्हते. आपल्या मळ्यातला, आपल्या हातचा पाहिजे होता. किती दिवस जुळेना. आणि एकदा बाजाराच्या जुड्या बांधता बांधता आपोआप आला:

“मेथीच्या जुडीला सांबाराची सोबत,
अनसिंगच्या मळ्याचे धनी गणपत.”

मी तो कोणाला म्हणून दाखवला नाही. पण जुडी बांधताना, पाणी वळवताना, चुलीपाशी, मनात म्हणून बघायची. ‘सोबत’पाशी थोडं थांबायचं आणि मग नाव घ्यायचं, असं सगळं ठरवून ठेवलं होतं.

साक्षगंधाच्या आधी अनसिंगच्या बाया मला बांगड्या भरायला आल्या. गणपतची आत्या पुढारी. आमच्याकडं बांगड्या भरायला चांदबी मनियारीण येई. माझ्या जन्मापासूनची ओळख तिची. बोळकं झालेलं तोंड आणि हात असे मऊ की बांगडी चढली कधी ते कळायचं नाही. ऊन चांगलं होतं म्हणून मळ्यातच आंब्याखाली घोंगडं टाकलं. चांदबीनं माझा पंजा आवळून धरला, हिरवी बांगडी बोटांच्या सांध्यांवर आणली, आणि बांधापलीकडं मोट सुरू झाली.

हाय. ओ बेवपा.

“चांगला गळा हाये पोराचा,” आत्या म्हणाली. “काय म्हनून राह्यला पन?”

बिचारी चांदबी! तिला वाटलं हिला खरंच अर्थ पाहिजे. तिथं उर्दू समजणारी तीच एक. ती कौतुकानं म्हणाली, “बेवफा मने, जबान देके पलट गई सो औरत.”

आणि कामावरची ती बाई, जिच्या अंगावर मी ढेकूळ फेकलं होतं, ती हसत हसत बोलली, “आमच्या यमुनीसाठीच हाये ते गानं. तो रोज म्हनते.”

थट्टाच होती. तिच्या मनात काही नव्हतं. पण आत्याचं हसू तसंच तोंडावर वाळलं. तिनं एकदा बांधापलीकडं पाहिलं. तुळशीराम नाड्यावर बसून आमच्याकडंच तोंड करून उतरत होता. मग तिनं माझ्याकडं पाहिलं.

“म्हंजे जबान देली होती म्हना की,” ती म्हणाली.

माय हसायचा प्रयत्न करत म्हणाली, “अवं बाई, बाजातलं गानं हाये ते! सारा बाजार म्हनते.”

“गानं बाजातलंच हाये. पन कोनाकडं पाहून म्हनून राह्यला, थे बी पाह्यलं मी. देल्याशिवाय पलटंन कशी?”

बघा त्या शब्दाची करामत! नुसतं ‘निष्ठूर’ म्हटलं असतं तर निभलं असतं. निष्ठूर कोणीही असू शकतं. पण बेवफा व्हायला आधी वचन द्यावं लागतं. म्हणजे एका शब्दानं माझ्यामागं एक अख्खी गोष्ट उभी केली, जी कधी घडलीच नव्हती. मी कधीतरी त्याला भेटले, काही कबूल केलं, मग अनसिंगचा चांगला मळा बघून फिरले. मी नाही म्हटलं तर त्याचाही अर्थ तोच, कारण फिरलेली बाई नाहीच म्हणणार. चांदबीला आपण काय बोलून बसलो ते तेव्हा उमगलं. माझा पंजा तिच्या हातात तसाच, बांगडी सांध्यावर अडकलेली. ती चढवावी की काढावी ते तिला कळेना. शेवटी तिनं ती तोडली. काच लागून थोडं रक्त आलं, आणि ‘अपशकुन’ म्हणत अनसिंगच्या बाया उठल्या.

बाबा अनसिंगला जाऊन आले. परत आले आणि पागोटं काढून ठेवलं. निरोप असा होता, की पोरीचं मन दुसरीकडं असेल तर आम्हाला नको, आमच्याकडूनही तिला आशीर्वादच. किती भली माणसं! भलेपणानं सोयरीक मोडली. सांजेला मायनं मला एकीकडं घेऊन विचारलं, “बोलली होती का तू त्याच्यासंग काही? खरं सांगजो.” मायनंसुद्धा. मी म्हटलं, त्याची गाय वांग्यात आली तेव्हा बोलले होते. माय रडायला लागली. तिला वाटलं मी लपवतेय.

आणि तुळशीराम गातच राहिला. त्याला कोणी अडवायचं? बाबा एकदा बांधापर्यंत गेले आणि परत फिरले. गाणं बंद कर म्हणायला जावं तर बोभाटा, आणि आतापर्यंत ज्यांना कळलं नाही त्यांनाही कळायचं. मी काय करणार? गाण्याला उत्तर नसतं हो! माणूस भांडायला आला तर भांडता येतं. गाणाऱ्यापुढं कमरेवर हात देऊन उभं राहिलं तर पुढच्या ओळीत तेच येणार, की पाहा कशी कठोर आहे. गप्प राहिलं तर तेही गाण्यातच बसतं. मी कांद्याच्या वाफ्यात मान खाली घालून बसायची, तेही बसलं. बाया म्हणायच्या, “पाह्य, वर मान करून पाहत बी नाई.”

त्या थंडीतल्या एका गोष्टीचा मला सगळ्यात जास्त संताप येतो, आणि तो अजून उतरत नाही. जबान खरोखर कोणी दिली होती? गणपतच्या बापानं, माझ्या बाबांच्या हातात हात देऊन. साक्षगंधाचा दिवस धरला होता. पलटलं कोण? तेच. आणि तो? “झेपत असंन तं ठीक हाये” म्हणणारा? वाशीम-अनसिंग काही काशी नव्हे. एकदा गाडी जुंपून यायचं होतं. बांधावर उकिडवं बसून विचारायचं होतं, की बाई, खरं काय? मी सांगितलं असतं. तो आला नाही. चांदबीनं सांगितलेल्या त्या शब्दाचा खरा मालक अनसिंगला बसून वांगी तोडत होता, आणि शब्द माझ्या कपाळी! पण त्याच्यावर कोणी गाणं केलं का? एका पोरीचं मोडलं, ती वाफ्यात बसून बोटं मातीत खुपसतेय, यावर कुठं तवा निघाला का? मला तर रडायचीही सोय नव्हती. रडले असते तर म्हणाले असते, तुळशीरामसाठी रडते.

पुढं माझं लग्न इथं किन्हीराजाला झालं. घर चांगलं, माणूस चांगला. त्यांचं नाव मी घेत नाही, पण एवढं सांगते की ते ‘सोबत’शी जुळत नाही. लग्नात बायांनी आग्रह धरला तेव्हा मी सगळ्याजणी म्हणतात तो महादेवाच्या पिंडीचा उखाणा म्हटला. कोणाला काही वेगळं वाटलं नाही. माझा उखाणा तसाच राहिला. जुडी बांधताना कधी तोंडाशी येतो, मी गिळते.

तर असं आहे सगळं, म्हणून मला ही गाणी सोसत नाहीत. रुक्मा म्हणते ऐकून मन हलकं होतं. होत असेल. ज्याचं मन हलकं होतं त्याचं ओझं कोणाच्या तरी डोक्यावर जातच असेल ना? एक गोष्ट मात्र कबूल करायला पाहिजे. इतकी वर्षं मी त्या गाण्यावर चिडले, तुळशीरामला मनातल्या मनात शिव्या घातल्या, पण त्या चिडण्याच्या तळाशी एक बारीकसं सुखही होतं. वाटायचं, चला, आपल्यापायी कोणाचं तरी काळीज तुटलं होतं. आपण नाही तोडलं, पण तुटलं होतं. एवढं गेलं त्याला निदान काही कारण होतं.

तेही यंदा गेलं.

यंदा धुक्यानं आमचं रोप करपलं, म्हणून आम्ही जऊळक्याच्या बाजाराला रोप आणायला गेलो. हे दोर बघायला पुढं गेले आणि मी रोपाच्या ढिगापाशी वाकले. ढिगामागून आवाज आला, “यमुनी नं तू? वाशीमची?”

तुळशीराम. डोक्याला टक्कल, अंग सुटलेलं, सासुरवाडीच्या मळ्यावर राहायला आलेला. मुलंबाळं, सगळं छान. मला तर वाटलं होतं... जाऊ द्या काय वाटलं होतं ते. मी ख्यालीखुशालीही विचारली नाही.

“तुळशीराम, तू मोटेवर ते बाजातलं गानं म्हनत होता. काहून म्हनत होता रे?”

“कोनतं वं? थे बेवपाचं?” तो हसला आणि एक जुडी उचलून तिच्या मुळांची माती झाडायला लागला. “अवं थे तं बैलाईसाठी. आमचा सोन्या अर्ध्या धावेत अडून जाय. त्या गान्यात मोठी हाय होती पाह्य, तिच्यावर दोघं बराबर खाली पोचत.”

“अन् आमच्या मळ्याकडं तोंड करून?”

“धावेचं तोंडच तिकडं. मी का नाड्यावर पाठमोरा बसू?”

खरंच की. उतार तिकडंच होता. माझ्या बापाला माहीत होतं, मला माहीत होतं, सगळ्या काठाला माहीत होतं. तरी हे कोणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही.

“बेवफा म्हंजे काय, मालूम हाये तुले?”

“नाई बुवा,” तो मुळांकडंच बघत म्हणाला. “काय म्हंजे?”

मी सांगितलं नाही. काय सांगायचं? भर बाजारात माझे डोळे भरले आणि ते रागानंच भरले होते, मी शपथेवर सांगते. त्यानं आणखी एक जुडी माझ्या टोपलीत वरतून टाकली. “राहू दे,” म्हणाला. मी ती घेतली. रोप चांगलं होतं.

म्हणजे बैलांसाठी! आमची सोयरीक मोडली, बांगडी तुटली, मायचा माझ्यावरचा विश्वास उडाला, ते सोन्या नावाचा एक आळशी बैल अर्ध्या उतारावर अडायचा म्हणून. निदान खरोखर दुखलं तरी असतं मेल्याला! जऊळक्याहून परत येताना गाडीत हे विचारत होते, काय झालं, तोंड काहून उतरलं. मी म्हटलं, ऊन लागलं. थंडीत ऊन लागलं म्हणणारी बायको बघून त्यांनी बैल हाकले.

काल सकाळी यांच्या पाठीत उसण भरली. रोप तर लावून झालेलं, आणि लावलेल्या रोपाला पाणी नाही म्हणजे सगळं मातीत. रुक्माला पाण्यावर उभं केलं आणि मोट मी धरली. बाईमाणसानं मोट हाकलेली बघायला सडकेवरचे दोघं-तिघं हॉटेलातून उठून आले. बघा म्हटलं, बाजापेक्षा बरं. पण आमच्या म्हाताऱ्या बैलाला माझा आवाज नवा. अर्ध्या धावेत उभा राहिला. चुचकारलं, शेपूट पिळली, आईबापावरून बोलले. उभाच. मोट विहिरीच्या तोंडाशी, पाणी सोंडेतून परत विहिरीत.

आणि मग मी गायला लागले. ठरवून नाही. ती चाल एवढी वर्षं गळ्यात कुठं बसली होती कोण जाणे. शब्द येत नव्हते, म्हणून नुसतीच गुंगवली, आणि ओळीच्या शेवटी ती मोठी ‘हाय’ घेतली. बैलानं कान हलवले आणि निघाला. बराबर खाली पोचला! पाणी थारोळ्यात. पुन्हा वर, पुन्हा ओळ, पुन्हा हाय, पुन्हा पाणी. मला चाबूक आपटावासा वाटला. म्हणजे तुळशीराम खरंच बोलला होता. ती चाल बैलाच्या पावलाचीच आहे.

बऱ्याच मोटा झाल्या. पाट भरून वाहायला लागला, ऊन पाठीवर आलं, नाड्यावर बसल्यानं अंग डुलत होतं आणि रिकाम्या चालीत आपोआप शब्द येऊन बसले. मेथीच्या जुडीला. बसले ते असे चपखल, की जसे त्याच चालीसाठी केले होते. सांबाराची सोबत. तिथं ती लांब हाय. आणि पुढचं नाव ओठांवर आलं.

मी थांबले.

पाटातून रुक्मानं मान वर केली. फावडं टेकवून ती माझ्याकडं बघत राहिली, त्या बाजाकडं बघते तशी.

“बाई, किती गोड म्हनता वं तुमी,” ती म्हणाली. “कोनासाठी म्हनून राह्यल्या?”

“बैलाईसाठी,” मी म्हटलं. नाड्याकडं बघत म्हटलं. तुळशीरामही त्या दिवशी रोपाच्या मुळांकडं बघूनच बोलला होता, ते मला तेव्हा आठवलं.

“मंग थांबल्या काहून?” रुक्मा म्हणाली. “म्हना ना पुढं. बैल उभे हायेत.”